काळ्या कपड्यातली सुवार्ता

आमच्या गायनमंडळाची तालीम शनिवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत असते. ढोलकीवाला योहान अंबडहून एसटीनं येतो, आणि तो येईपर्यंत कोणालाच काही काम नसतं. मी पेटी उघडून बसतो, कोणीतरी चहा सांगतं, आणि मंग सुरू होतं, "ते आठवतंय का, त्या दिवशी..." गाणी आमची वर्षानुवर्षं तीच आहेत. किस्से मात्र एसटीला जितका उशीर तितके वाढत गेले. मी दिवसा एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी करतो, तिथंही मी हेच सांगत बसतो असं घरचे म्हणतात. अलीकडं हे किस्से सगळे एकाच पोरीचे असतात. ती समोर बसलेली असते, तरी आम्ही तिचेच किस्से तिलाच सांगतो, आणि ती मान खाली घालून हसते.

*

ती म्हणजे सुवार्ता साळवे, शीलाकाकूंची एकुलती एक. बारावीनंतर पुण्याला चित्रकलेचं शिकायला गेल्ती, तेव्हा दोन वेण्या आणि फिकट निळा पंजाबी ड्रेस होता. शिक्षण झालं, कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम लागलं, ते घरूनही करता येतं म्हणून जालन्याला परत आली. त्या रविवारी उपासना सुरू झाल्यावर दार ढकलून आत आली, आणि पाळकसाहेबांचं प्रार्थनेतलं एक वाक्य दोनदा झालं.

पायघोळ काळा झगा. कोपरापासून खाली जाळीच्या बाह्या. गुडघ्यापर्यंत बूट. डोळ्यांभोवती काजळ, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे, नखं काळी. गळ्यात बोटभर लांबीचा चांदीचा क्रूस.

उपासना संपल्यावर सगळ्यात आधी पुढं झाल्या त्या रूथमावशी. मावशी रिटायर्ड नर्स, सत्तरी ओलांडलेल्या, आमच्या मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी पोरीला खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, संक्रांत होऊन गेली की."

सुवार्तानं समजावलं की ती गॉथ आहे. म्हणजे एक प्रकारचं संगीत असतं, जरा उदास, संथ, आणि ते ऐकणारे लोक असे कपडे घालतात. मावशींना ऐकू आलं गोत. त्यांनी वळून खरात सरांना विचारलं, ही कोणत्या गोतातली म्हणून राह्यली. खरात सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर आणि चर्च कमिटीचे अध्यक्ष. ते फार गंभीरपणे म्हणाले, "आपल्या पणज्यानं बाप्तिस्मा घेतला तवाच गोत सुटलं, पोरी. आता परत कशाला धरती?"

सुवार्तानं स्पेलिंग सांगून बघितलं. उपयोग झाला न्हाई. पुढं कितीतरी दिवस चर्चमधली निम्मी मंडळी शीलाकाकूंना हळूच विचारत होती, पोरीचं गोत नेमकं कोणतं निघालं.

*

एवढं काळं कापड जालन्यात मिळतं कुठं, हा आमच्या बायकांना पडलेला प्रश्न. कापडवाल्या मारवाडी शेठजींकडं काळं म्हणजे संक्रांतीच्या आधी येणार आणि संक्रांतीनंतर कपाटात जाणार. सुवार्तानं मात्र आल्या आल्या शोधून काढलं. बुरखे शिवतात त्या गल्लीत ती गेली आणि तिथून हलेचना. मऊ काळं, चमकदार काळं, जाळीचं काळं, बारीक खड्यांचं काळं. पुण्यातल्या मैत्रिणींना ती फोटोवर फोटो पाठवत होती, आणि तिकडून उत्तरं येत होती की आम्ही जालन्याला येतो.

तिथल्या नसरीनआपांनी तिचं शिवणकाम हाती घेतलं. पुढचं शीलाकाकूंनी सांगितलेलं, कारण त्या सोबत होत्या. सुवार्तानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यातल्या बाईच्या डोक्यावरून काळी जाळी, हातात काळी फुलं, कमरेत आवळलेला झगा आणि मागं जमिनीवर लोळणारा घोळ. आपांनी चष्मा वर सरकवून फोटो बराच वेळ बघितला. मंग विचारलं, "बेटा, ये दुल्हन है के बेवा?"

नवरी की विधवा, यावर सुवार्तानं खरोखर विचार केला. म्हणाली, "दोनों."

आपांनी मान हलवली, गळ्यातला टेप काढला आणि म्हणाल्या, "फिर कपड़ा जास्ती लगेगा."

*

एका शनिवारी पाळकसाहेब तालमीला येऊन बसले. ते सहसा येत न्हाईत, त्यामुळे सगळे जरा सावरून बसलो. त्यांनी सुवार्ताला विचारलं की हे जे तुझं संगीत आहे, ते मला ऐकायला मिळेल का. आम्हाला वाटलं, झाली चौकशी सुरू. तिनं इअरफोन पुसून दिले.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. आम्हाला बाहेर थोडंसं ऐकू येत होतं: एकसारखा जड ठोका, आपल्या चर्चच्या ऑर्गनसारखे लांब सूर, आणि कोणीतरी विहिरीच्या तळातून बोलावं तसा पुरुषाचा आवाज. गाणं संपलं. पाळकसाहेब म्हणाले, इंग्रजी सगळं समजलं न्हाई, पण हा माणूस देवावर रुसलेला दिसतो.

सुवार्ता म्हणाली, "तो देव मानतच नाही, पाळकसाहेब. तसं तो सगळीकडे सांगतो."

"मग रुसलाय कोणावर?"

मंग त्यांनी तिच्या पुण्यातल्या मित्रमैत्रिणींविषयी विचारलं. त्यातले किती जण क्रूस घालतात, किती जण चर्चला जातात. ती म्हणाली, क्रूस सगळेच घालतात, चर्चला ती एकटी जायची. "तिथं मला म्हणायचे, क्रॉस घाल, छान दिसतो, पण चर्चला कशाला जातेस? इथं म्हणतात, चर्चला ये, पण एवढा मोठा क्रॉस कशाला?"

पाळकसाहेबांनी इअरफोन परत कानात घातले. म्हणाले, "दुसरं लाव."

*

अंबडला एका मोकळ्या मैदानात मेळावा होता. मांडव, लाऊडस्पीकर, बाहेरगावाहून आलेले एक प्रचारक. आमचं मंडळ दोन गाणी म्हणून खाली उतरत होतं, तेवढ्यात प्रचारकांची नजर सुवार्तावर गेली. त्यांनी तिला थांबवलं, पुढं बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवून माईकवर बोलायला लागले. म्हणाले, या मुलीची आई लहानपणीच हिला सोडून देवाघरी गेली. तेव्हापासून शोकाचा आत्मा हिच्यावर बसलाय. हे काळं वस्त्र त्या आईसाठी आहे.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सुवार्ता काहीतरी सांगू बघत होती, पण माईक त्यांच्या हातात. ते म्हणाले, बोलू नकोस लेकरा, रडून घे.

शीलाकाकू मांडवाच्या मागं स्वयंपाकाला होत्या. त्या हात पुसत पुसत रांगांमधून पुढं आल्या, पायऱ्या चढल्या आणि प्रचारकांच्या हातातून माईक घेतला.

"मी हिची आई," त्या म्हणाल्या. "मी जित्ती हाय. भाजी तयार हाय, सगळ्यांनी बसून घ्या."

प्रचारक चांगले होते म्हणायला पाहिजे. पंगतीत काकूंनी वाढलेलं सगळं त्यांनी मुकाट्यानं संपवलं, आणि निघताना काकूंच्या दीर्घायुष्यासाठी वेगळी प्रार्थना केली.

*

नाताळच्या आठवड्यात आम्ही टेंभुर्णीला गेल्तो. तिथं आमची चारदोनच घरं आहेत, पण गाणी सुरू झाली की शेजारपाजारचे सगळे अंगणात येऊन बसतात. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातली एक म्हातारी सुवार्ताच्या अगदी समोर येऊन बसली आणि गाण्यांकडं लक्ष न देता तिच्याकडं बघत राहिली. काळा झगा, काळे बूट, काळं काजळ, मनगटात काळी फीत. सणाच्या दिवशी हे काय अभद्र, असं काहीतरी आता येणार म्हणून मी पेटीवर सूर जरा वाढवला.

म्हातारी उठली, घरात गेली आणि पणतू घेऊन आली. दोन-तीन महिन्यांचं पोर. ते तिनं सुवार्ताच्या मांडीवर ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लई किरकिर करून राह्यलंय. हिच्यापाशी असू द्या थोडं. इतकं काळं असल्यावर नजर लागती कुठून?"

पोर झोपलं. आम्हाला निघायचं होतं, पण मांडी हलवायची सोय न्हाई. सुवार्ता इतकी स्थिर बसलेली मी परत कधी बघितली न्हाई. जेवढी गाणी पाठ होती तेवढी सगळी आम्ही हळू आवाजात म्हटली.

*

सगळंच असं हसण्यावारी गेलं असं मात्र न्हाई.

चर्चमधल्या दोन घरांनी आपल्या मुलींना तालमीला पाठवणं बंद केलं. का ते सगळ्यांना माहीत होतं. कमिटीत बराच वेळ बोलणं झालं आणि खरात सरांनी सुवार्ताला आणि शीलाकाकूंना बोलावून घेतलं. सर वाईट बोलले न्हाईत. एवढंच सांगितलं की गायनमंडळ म्हणजे देवळाचं तोंड, पुढं बसायचं तर इतरांसारखं पांढरं घालावं लागेल, न्हाईतर मंडळात नको. तिनं एकच विचारलं, चर्चला आलं तर चालेल ना? सर म्हणाले, चर्च सगळ्यांचं आहे. ती बरं म्हणून उठली.

घरी गेल्यावर तिनं बॅग भरायला घेतली. काकू सांगत होत्या, भरायची, काढायची, परत भरायची. जेवलीही न्हाई नीट. शेवटी कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसून म्हणाली, "आई, तिथं मला अर्धीच घेतात आणि इथंही अर्धीच. उरलेली मी कुठं ठेवू?" काकूंनी ढिगाऱ्यातलं एकेक कापड उचलून घड्या घालायला सुरुवात केली, आणि घडी घातलेलं कपाटात ठेवलं, बॅगेत न्हाई.

रविवारी सुवार्ता आली आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. काळ्यातच. आम्ही पुढं उभे राहिलो आणि पहिलं कडवं सुरू केलं. आता आमच्या मंडळाची अडचण अशी की वरचा सूर लावणारे पुष्कळ आहेत, खालचा सूर धरणारं कोणी न्हाई. आधी रूथमावशी धरायच्या, पण त्यांचा आवाज बसला. मंग सुवार्ता धरायला लागली. त्या दिवशी तो सूरच नव्हता. पहिलं कडवं पायाविना घर असावं तसं झालं. मला पेटीवर काय करावं कळेना.

दुसऱ्या कडव्याला तो सूर आला. मागून. हळू, पण बराबर आपल्या जागी. ती बसल्या जागी, समोर बघत गात होती. आधी मागच्या रांगेनं माना वळवल्या, मंग मधल्या रांगेनं, आणि शेवटचं कडवं येईपर्यंत अख्खं चर्च वेदीकडं पाठ करून दाराकडं बघत होतं. खरात सरही. त्यांना उभं राहून मागं बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

उपासना संपल्यावर सर माझ्याजवळ आले. मला म्हणाले, "आवाज मागून आला की सगळी मंडळी मागं बघतेत. बरं न्हाई दिसत. तिला पुढंच बसवा."

कपड्यांचं त्यांनी काही म्हटलं न्हाई, आणि मीही विचारलं न्हाई.

*

त्यानंतर पाळकसाहेबांनी तिला संडे स्कूलच्या मुलांना चित्रकला शिकवायला लावली. ईस्टरच्या आधी मुलांना विषय दिला: रिकामं थडगं. चित्रं बघायला आले खरात सर. करुणा नावाच्या पहिलीतल्या मुलीनं गुहा काढली होती, बाजूला लोटलेला मोठा धोंडा, आणि धोंड्यावर बसलेला देवदूत. पंख पांढरे. बाकी सगळं काळं, आणि पायात गुडघ्यापर्यंत बूट, नाड्यांसकट.

सरांनी सुवार्ताकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. सरांनी करुणाला जवळ बोलावलं आणि हेडमास्तरी आवाजात विचारलं, देवदूताला बुटांची काय गरज.

करुणा म्हणाली, "एवढा दगड लोटायचा होता, सर. पायावर पडला असता तर?"

ते चित्र अजून भिंतीवर आहे. सरांनी स्वतः स्टूल घेऊन लावलं.

*

आमच्या ख्रिस्ती कब्रस्तानात एका बाजूला इंग्रजांच्या वेळच्या जुन्या दगडी कबरी आहेत. सुवार्ताला त्या फार आवडतात. दुपारी काम संपलं की ती तिथं जाऊन बसायची, दगडांवरचं शेवाळ ब्रशनं काढायची, अक्षरांची वळणं उतरवून घ्यायची. राखणदारानं शीलाकाकूंना सांगितलं की पोरगी रोज येऊन राह्यली, जरा बघा. तरुण मुलगी, काळे कपडे, कब्रस्तान. काकूही जरा घाबरल्याच.

रूथमावशी म्हणाल्या, मी आणते तिला समजावून. ऊन खाली झाल्यावर त्या छत्री घेऊन गेल्या. आम्ही तालमीला वाट बघत बसलो. योहान आला, ढोलकी लागली, तरी मावशी न्हाईत. दिवे लागायला दोघी आल्या. मावशींच्या पांढऱ्या लुगड्याला गुडघ्यापाशी माती. आम्ही विचारलं, काय समजावलं?

"काही न्हाई," मावशी म्हणाल्या. "सावली चांगली हाय तिथं."

त्यानंतर त्याच जायला लागल्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. दोघी तिथं एवढं काय बोलतात याचं आम्हाला भारी कुतूहल. एकदा मी सुवार्ताला विचारलंच. ती म्हणाली, नव्या कबरींमध्ये मावशींचे कितीतरी पेशंट आहेत. त्या एकेकाजवळ थांबतात आणि सांगतात, हा घाबरला होता, ही घाबरली न्हाई, याला शेवटी पाणी मागायचं सुचलं न्हाई. "मी फक्त ऐकते," ती म्हणाली. "गाण्यात सगळे मरणाबद्दल लिहितात. मावशींनी पाहिलंय."

*

रूथमावशी गेल्या महिन्यात गेल्या. दुपारी जेवून खुर्चीत बसल्या होत्या, भाचीनं चहाला हाक मारली तेव्हा उठल्या न्हाईत. सुवार्ता तेव्हा कामासाठी पुण्याला होती, बरेच दिवस झाले होते जाऊन. तिला फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीतून उतरून थेट मावशींच्या घरी आली. पांढरी सलवार, पांढरी ओढणी, चेहऱ्यावर काही न्हाई. मयतीला आलेल्या सगळ्यांसारखीच. निम्म्या लोकांनी तिला ओळखलंच न्हाई.

समोरच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवलेली होती. मावशी त्यांच्या पांढऱ्या लुगड्यात, छातीवर मोगऱ्याची आणि शेवंतीची फुलं, हात फुलांखाली झाकलेले. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली, आणि हातांत लाकडी क्रूस ठेवायचा म्हणून फुलं बाजूला सारली.

मावशींच्या दहाही नखांना काळं नेलपॉलिश होतं.

भाचीनं तोंडावर हात ठेवला. तिनं मावशींना आंघोळ घालणाऱ्या बायकांकडं बघितलं. त्यातली एक हळूच म्हणाली, ते आधीपासूनच होतं, आम्ही तसंच राहू दिलं. मंग सगळे सुवार्ताकडं बघायला लागले. खरात सरांनी खालच्या आवाजात तिला विचारलं, तू लावलंस का, केव्हा. तिनं मान हलवून न्हाई म्हटलं. तिला स्वतःलाच ते नवीन होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ती पुढं झाली. गुडघ्यावर बसली, मावशींचा डावा हात हातात घेऊन बघितला, खाली ठेवला. मंग उजवा घेतला, आणि एकेक बोट करत बराच वेळ बघत राहिली.

"उजव्या हाताचं कातडीवर गेलंय," ती म्हणाली. "स्वतःचं स्वतः लावलं की असंच होतं."

पाळकसाहेबांनी त्या हातांत क्रूस ठेवला. फुलं परत वर सरकवली न्हाईत.